आई कशी होती

एक होता राजा, सत्यसेन नावाचा. त्याला खोट्याचा भारी तिटकारा, बरं का. तिटकारा असावा, पण किती? अति तिथे माती!

त्याच्या लेकीचं, रेवूचं, बारसं होतं. बायका पाळण्याची दोरी ओढत गाऊ लागल्या, "बाळी आमची चंद्रासारखी." राजा ताडकन उठला. "साफ खोटं! चंद्राला कुठे हातपाय असतात?" मग दवंडी पिटली. कुणी कुणाला कशासारखं म्हणायचं नाही.

मग बायका म्हणाल्या, "बाळी आमची चाफेकळी." हे तर आणखीच खोटं! दुसरी दवंडी. मग म्हाताऱ्या अलाबला काढत म्हणाल्या, "हिच्या हसण्यानं गाव उजळलं." तिसरी दवंडी. झालं! पाळण्यापाशी कुणी गाईना. शेवंता राणी मुकाट्याने रडली. पण राजापुढे बोलतं कोण?

पुढच्याच वर्षी राणी तापाने गेली.

रेवू पाच वर्षांची झाली. एकदा तिने विचारलं, "बाबा, माझी आई कशी होती?"

"साडेतीन हात उंच. सावळी. केस लांब."

"तशी तर आपली दासीपण आहे. माझी आई कशी होती?"

मग राजाने तिन्ही दवंड्या मागे घेतल्या. सगळं गाव बोलावलं. "सांगा रे, राणी कशी होती?"

"उंच होती, महाराज."

"सावळी होती."

एवढंच. जिभेची सवयच मोडली होती. एक म्हातारी सुईण तेवढी म्हणाली, "तेव्हा कशासारखी म्हणून ठेवली नाही, महाराज. आता कुठून आठवणार?" राजा ढसाढसा रडला. पण रडून काय होतंय?

मग एका दुपारी रेवूने उन्हात तापलेली गोधडी पोटाशी धरली. "बाबा, आई अशी होती?"

राजाने गोधडीला गाल लावला. खूप खूप आठवून पाहिलं. एकदा हो म्हणाला असता, तर पोरीला आई मिळाली असती. पण मेल्याला खोटं बोलता येत नव्हतं ना!

"ठाऊक नाही गं, बाळा," तो म्हणाला.

पुढे रेवू मोठी झाली, राणी झाली, प्रजा सुखात नांदली. राजाला मात्र सुख म्हणून लागलं नाही.

चला, डोळे मिटा आता. पण आधी सांगा पाहू, मी कशी आहे? नुसतं म्हातारी म्हणालात तर रागवेन हं. कशासारखी तरी म्हणा रे. म्हणजे मी गेल्यावर तुम्हाला सापडेन.