पिवळ्याचा अर्धा खोपा

फार जुनी गोष्ट नाही, पण मोबाईललाही तोंड फुटलं होतं तेव्हाची आहे. विहिरीवरच्या बाभळीला पिवळ्या नावाचा सुगरण पक्षी खोपा विणत होता. त्यांच्यात रीतच अशी, की नराने खोपा अर्धा विणायचा आणि मादीने येऊन तपासायचा. पटला तर संसार, नाहीतर ती चालली शेजारच्याकडे.

शेताचा राखणदार रोज मोबाईल विहिरीच्या काठावर ठेवून पाणी द्यायला जाई. मोबाईल लगेच ओरडे, "पिवळ्या, लाल मासा बघ! निळा पोपट बघ!" की हा मूर्ख चोचीतलं पातं टाकून खाली हजर.

एकदा चिमी नावाची मादी खोपा बघायला आली. "अरे, खोपा आहे की फाटकी टोपी? उद्यापर्यंत पुरा कर, नाहीतर मी चालले."

"एवढं एक बघतो गं," पिवळ्या मान वर न करताच म्हणाला.

मोबाईल फुशारला. "तो कुठला येतोय! माझ्या रंगांना भुललाय. पडद्याच्या कोपऱ्यातलं ते बटण दाबलं, तरच माझे रंग जातील."

चिमीने उडी मारून त्या बटणावर पायच दिला.

मासा राखाडी झाला, पोपट राखाडी झाला. "शी! राख फासल्यासारखं दिसतंय," म्हणत पिवळ्याने मान वर केली, तर समोर हिरवंगार शेत आणि रागावलेली चिमी. तो जो उडाला, तो पातं घेऊनच परतला.

दुसऱ्या दिवशी चिमी पुऱ्या खोप्यात शिरली ती बाहेर आलीच नाही. पिवळ्या बाभळभर नाचला.

मोबाईल अजून हाका मारतो. मग दमतो आणि खोप्याकडे टक लावून बसतो.