ढब्बूच्या बुडाखाली इवलीची पेन्सिल

चिंचेच्या झाडाखाली एक शाळा होती. खरी शाळा हं, खोटी नाही! तिथं फळा होता, घंटा होती आणि साळुंकीबाई होत्या.

पहिलीच्या वर्गात सगळ्यांत छोटी होती इवली. इवली म्हणजे खारीचं पिल्लू. केवढीशी? तुमच्या मुठीत मावेल एवढीशी.

उद्या होता दसरा. उद्या पाटीपूजन! पाटीवर एक, एक, एक असे आकडे काढायचे. एकाला एक जोडायचा. झाली सरस्वती! इवलीला एक काढता येत होता. अख्खी सहामाही गिरवून गिरवून शिकली होती.

इवलीनं पाटी घेतली. पेन्सिल घेतली. आणि काय झालं सांगू?

पेन्सिल सुटली! टुक टुक टुक टुक... घरंगळत गेली थेट ढब्बूपाशी. ढब्बू म्हणजे हत्तीचं पिल्लू. ढब्बू जरासा उठला, खाजवायला. पेन्सिल गेली खाली. ढब्बू बसला वर. धप्प!

"अगं बाई गं!" इवलीचे डोळे झाले चण्याएवढे.

एकच पेन्सिल होती हो तिची! पेन्सिल नाही तर एक नाही. एक नाही तर सरस्वती नाही. उद्या सगळ्यांच्या पाटीवर झेंडूचं फूल, आणि इवलीची पाटी कोरी!

इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"ढब्बू, ढब्बू, ऊठ ना.
पेन्सिल मिळेना,
माझी पाटी कोरी!"

"छे! मी नाही उठायचा," ढब्बू म्हणाला. "रांग लागल्याशिवाय उठायचं नाही. शाळेत शिकलोय मी, पक्कं शिकलोय!"

"आं?" इवलीचे डोळे झाले चिंचोक्याएवढे.

रांग कोण लावतं? लांबू लावतो. लांबू म्हणजे उंटाचं पिल्लू. मान लांब, पाय लांब, तोरा त्याहून लांब. इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"लांबू, लांबू, रांग लाव ना.
ढब्बू उठेना,
पेन्सिल मिळेना,
माझी पाटी कोरी!"

"छे! मी नाही लावायचा," लांबू म्हणाला. "हात धुतल्याशिवाय रांग लावायची नाही. शाळेत शिकलोय मी, पक्कं शिकलोय!"

"आं? आं?" इवलीचे डोळे झाले बोराएवढे.

हातावर पाणी कोण घालतं? झिप्री घालते. झिप्री म्हणजे माकडाची पोर. तांब्या घेऊन फांदीवर बसलेली. इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"झिप्री, झिप्री, पाणी घाल ना.
रांग लागेना,
ढब्बू उठेना,
पेन्सिल मिळेना,
माझी पाटी कोरी!"

"छे! मी नाही घालायची," झिप्री म्हणाली. "घंटा झाल्याशिवाय तांब्या वाकडा करायचा नाही. शाळेत शिकलेय मी, पक्कं शिकलेय!"

"आं? आं? आं?" इवलीचे डोळे झाले आवळ्याएवढे.

काय बाई ही पोरं! एकेक गोष्ट शिकलीत, आणि धरून बसलीत!

घंटा कोण वाजवतं? गाढवमामा वाजवतात. गाढवमामा म्हणजे शाळेचे शिपाई. इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मामा, मामा, घंटा वाजवा ना.
पाणी पडेना,
रांग लागेना,
ढब्बू उठेना,
पेन्सिल मिळेना,
माझी पाटी कोरी!"

"छे गं पोरी! मी नाही वाजवायचा," गाढवमामा म्हणाले. "बाईंनी सांगितल्याशिवाय घंटेला हात लावायचा नाही. वीस वर्षं शाळेत आहे मी, पक्कं शिकलोय!"

"अबब! मामासुद्धा?" इवलीचे डोळे झाले लिंबाएवढे.

आता उरल्या बाई. इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बाई, बाई, मामांना सांगा ना.
घंटा वाजेना,
पाणी पडेना,
रांग लागेना,
ढब्बू उठेना,
पेन्सिल मिळेना,
माझी पाटी कोरी!"

साळुंकीबाईंनी चष्मा वर केला. "कसं सांगू बाळा? हजेरी पुरी झाल्याशिवाय घंटा नाही. आणि हजेरी अडलीय. एक जण 'हजर' म्हणालंच नाही. तीनदा हाक मारली मी!"

"कोण हो बाई, कोण?"

"तू!"

"मी?"

अरे देवा! इवलीचे डोळे झाले पेरूएवढे. त्याहून मोठे होईनात, म्हणून थांबले.

"पण बाई, मी रोज शेपटी हलवते की!"

"शेपटीची हजेरी आता बास," बाई म्हणाल्या. "सहामाही झाली. आता तोंडानं सांगायचं. मोठ्यानं."

बाप रे! मोठ्यानं? सगळ्यांसमोर? इवली कधी मोठ्यानं बोललीच नव्हती. लांबू बघत होता. झिप्री बघत होती. गाढवमामा कान टवकारून उभे होते. इवली लपली पाटीमागं.

बाईंनी हाक मारली, "इवली!"

"ह..."

"इवली!"

"हज..."

इवलीनं पाटीकडे बघितलं. कोरी पाटी. काळीभोर. डोळे मिटले, शेपटी घट्ट धरली, आणि...

"हजऽऽऽर!"

अबबबब! केवढा तो आवाज! झाडावरच्या चिंचा पडल्या पटापटा. बाईंचा चष्मा आला नाकावर. गाढवमामा बसले खाली!

"शाब्बास गं माझी वाघीण!" बाई म्हणाल्या. आणि मग काय? विचारूच नका!

बाईंनी सांगितलं मामांना.
मामांनी वाजवली घंटा. टण टण टण!
झिप्रीनं घातलं पाणी. घळ घळ घळ!
लांबूनं लावली रांग. पटापट, पटापट!
आणि ढब्बू उठला. हूंऽऽश!

इवलीनं वाकून बघितलं. "अगं आई गं!"

पेन्सिल मोडली होती. मधोमध. कच्!

इवलीनं तुकडे उचलले. आता रडणार, एवढ्यात तिनं मोजलं. "एक... दोन." पुन्हा मोजलं. "एक... दोन. बाई! दोन झाल्या! माझ्या दोन पेन्सिली झाल्या!"

"आं?" आता ढब्बूचे डोळे झाले भोपळ्याएवढे. "दोन? मलापण दोन हव्यात!" त्यानं आपली पेन्सिल जमिनीवर ठेवली. सगळे ओरडले, "नको रे ढब्बू, नको!"

ऐकतोय कुठला! ढब्बू बसला. धप्प!

उठून बघतो तर काय? भुगा! एक नाही, दोन नाही, नुसता भुगा!

ढब्बूनं काढलं भोकाड. "भॅंऽऽऽ! माझी पाटी कोरी!"

इवलीनं एक पेन्सिल बघितली. दुसरी बघितली. मग दुसरी ठेवली ढब्बूच्या सोंडेत. "घे. पण हिच्यावर बसायचं नाही हं!"

दसऱ्याला पाटीपूजन झालं. इवलीच्या पाटीवर बारीक बारीक एक, आणि त्यांची सुरेख सरस्वती. ढब्बूच्या पाटीवर एकच एक. पाटीभर! बाईंनी दोघांच्याही पाटीवर फूल वाहिलं.

झेंडू पिवळा, पाटी काळी,
गोष्ट झाली, द्या बघू टाळी!