किरूच्या घरातलं पाणी

किर्र किर्र. किर्र किर्र.

बरीच वर्षं झाली. डोंगरावरच्या एका अंगणातून हा आवाज यायचा. रोज दिवेलागणीला यायचा.

तो आवाज किरूचा. किरू म्हणजे एक इवलासा रातकिडा. अंगणाच्या कडेला एक दगड होता. दगडाखाली एक बीळ होतं. तेच किरूचं घर. कोरडं कोरडं, ऊबदार.

एका संध्याकाळी डोंगरावरून पाणी आलं. खळखळ खळखळ. अंगणात येऊन बसलं. बसलं ते उठेचना. मग किरूच्या घरात शिरलं.

डुबुक.

किरू बाहेर आला. मिशा ओल्या, पाय ओले. रात्रभर एका पानावर बसून राहिला. त्या रात्री किर्र किर्र झालंच नाही.

सकाळ झाली. ओसरीवर हिरव्या गवताची गुंडाळी उभी होती. खरं गवत नव्हे हं. प्लास्टिकचं. सोनबा आजोबांनी शहरातून आणलेलं, अंगणात अंथरायला.

किरू निघाला. टुडुक टुडुक.

"गवतदादा, गवतदादा, अंगणात पसर ना. माझ्या घरातलं पाणी जाईना."

गवत म्हणालं, "परवाच्या पावसानंतर पसरलो होतो. नुसत्या चिखलावर. फच फच. आजोबा घसरून बसले, आणि गुंडाळलं मला. आता खाली खडी बसेल, तर मी पसरेन."

किरू खडीच्या ढिगाकडे गेला. टुडुक टुडुक.

"खडीताई, खडीताई, खाली बस ना.
गवत पसरेना.
माझ्या घरातलं पाणी जाईना."

खडी म्हणाली, "चिखलात बसले तर बुडेन की रे. कुदळ चर खणेल, तर मी बसेन."

किरू कुदळीकडे गेला. टुडुक टुडुक.

"कुदळमावशी, कुदळमावशी, चर खण ना.
खडी बसेना.
गवत पसरेना.
माझ्या घरातलं पाणी जाईना."

कुदळ म्हणाली, "मला हात आहेत का? आजोबा उचलतील, तर मी खणेन."

किरू सोनबा आजोबांकडे गेला. टुडुक टुडुक. आजोबा खांबाला टेकून बसले होते.

"आजोबा, आजोबा, कुदळ उचला ना.
कुदळ चर खणेना.
खडी बसेना.
गवत पसरेना.
माझ्या घरातलं पाणी जाईना."

आजोबा म्हणाले, "चहा पोटात गेल्याशिवाय माझी कंबर वाकत नाही, बाळा. आजी चहा करेल, तर मी उचलेन."

किरू ठकूआजीकडे गेला. टुडुक टुडुक. आजी चुलीपाशी बसली होती.

"आजी, आजी, चहा कर ना.
आजोबा कुदळ उचलेनात.
कुदळ चर खणेना.
खडी बसेना.
गवत पसरेना.
माझ्या घरातलं पाणी जाईना."

आजी म्हणाली, "मागे एकदा बिनदुधाचा दिला, तर दिवसभर गाल फुगवून बसले. भुरी दूध देईल, तर मी करेन."

भुरी म्हणजे आजीची शेळी. किरू गोठ्यात गेला. टुडुक टुडुक.

"भुरीकाकू, भुरीकाकू, दूध दे ना.
आजी चहा करेना.
आजोबा कुदळ उचलेनात.
कुदळ चर खणेना.
खडी बसेना.
गवत पसरेना.
माझ्या घरातलं पाणी जाईना."

भुरीने कान टवकारले. "गवत म्हणालास?"

"ते खायचं नसतं, काकू."

"ते मी बघेन," भुरी म्हणाली. "पण माझं करडू रात्रभर जागंच आहे. सारखं ढुशा मारतंय. ते निजेल, तर मी दूध देईन."

किरू करडाकडे गेला. टुडुक टुडुक.

"करडा, करडा, नीज ना रे.
भुरी दूध देईना.
आजी चहा करेना.
आजोबा कुदळ उचलेनात.
कुदळ चर खणेना.
खडी बसेना.
गवत पसरेना.
माझ्या घरातलं पाणी जाईना."

करडू म्हणालं, "किर्र किर्र ऐकल्याशिवाय मला झोप येत नाही. काल तू गायलाच नाहीस. तू गाशील, तर मी निजेन."

किरूने मागे वळून पंख बघितले. घर नाही. पंख ओले. गायचं कसं?

करडाने त्याच्याकडे बघितलं. डोळे लाल लाल झाले होते बिचाऱ्याचे.

किरू चाऱ्याच्या काडीवर चढला. पंख झटकले. फुर्र.

कि... कि... किर्र.

किर्र किर्र. किर्र किर्र.

करडाने एक जांभई दिली. मान टेकली. करडू निजलं.

करडू निजलं, भुरीने दूध दिलं. चुर्र चुर्र.
दूध मिळालं, आजीने चहा केला. खद खद.
चहा झाला, आजोबांनी बशीतून प्यायला. सुर्र सुर्र.
कंबर वाकली, आजोबांनी कुदळ उचलली.
कुदळीने चर खणला. खण खण.
चरातून पाणी निघालं उताराला. खळखळ खळखळ.
चरात खडी बसली, अंगणात खडी बसली. खुळ खुळ.
खडीवर गवत पसरलं. सर्र.

आणि किरूच्या घरातलं पाणी गेलं.

दुपारभर ऊन पडलं. किरू घरात शिरला. इकडे पाय लावून बघितला. कोरडं. तिकडे पाय लावून बघितला. कोरडं. कोपऱ्यात मिशी लावून बघितली. तिथेही कोरडं.

दिवेलागण झाली. ओसरीवर आजी बसली, आजोबा बसले. आजोबांनी हिरव्या अंगणात एक पाय ठेवला. मग दुसरा ठेवला. फच झालं नाही. दगडाखालून आवाज आला.

किर्र किर्र. किर्र किर्र.

तेवढ्यात भुरी आली. दावं सोडवून आली. हिरवंगार अंगण तिने डोळे भरून बघितलं. खाली वाकली. मोठा घास घेतला.

चावला.

चावला.

चावला.

आजी म्हणाली, "गोड आहे का गं, भुरे?"

भुरीने आजीकडे बघितलं. आजोबांकडे बघितलं. दगडाकडे बघितलं. मग घास हळूच खाली ठेवला, आणि गोठ्यात निघून गेली.