सातव्या खोलीची पाटी

माणसं धरणाचे दरवाजे संगणकावर सोपवू लागली, तेव्हाची गोष्ट. अशाच एका संगणकात मेमरीच्या शंभर खोल्या होत्या. संगणक सुरू करून देणारी फर्मवेअर म्हातारी सगळ्यांआधी उठायची, दारोदार पाट्या लावायची आणि कारभार कर्नलच्या, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मुख्य प्रोग्रामच्या, हाती देऊन निजायची. नव्याण्णव पाट्यांवर लिहिलेलं असे, ‘आतल्या मजकुराची नक्कल जवळ ठेवली तरी चालेल.’ सातव्या खोलीवर मात्र, ‘दर वेळी स्वतः येऊन बघा.’

नवा कर्नल भारी घाईचा. निरोप्या प्रोसेसरची पायपीट वाचावी म्हणून त्यानं सगळीकडे एकच पाटी लावायचं ठरवलं.

“माझ्या पाटीला हात लावायचा नाही,” सातवी म्हणाली.

“बाकीच्या गुमान ऐकतात. तूच कोण मोठी लागून गेलीस?”

“त्यांच्यात तुम्ही ठेवाल तेवढंच राहतं. माझ्यात नदी लिहिते, आणि ती तुम्हाला विचारून लिहीत नाही.”

कर्नलनं पाटी उपटून फेकली. मग प्रोसेसर जवळची नक्कल बघूनच धरणातल्या पाण्याची उंची सांगू लागला. सकाळी चाळीस फूट, दुपारी चाळीस फूट, संध्याकाळीही चाळीसच. शेवटी दरवाजांवरून पाणी सांडू लागलं, तेव्हा कर्नल धापा टाकत सातवीकडे आला.

“किती?”

“बावन्न. आधी दरवाजे उघडा, माफी मागाहून मागा.”

दरवाजे उघडले, पाणी उतरलं. कर्नल खालमानेनं पाटी घेऊन आला. “पण रोज रोज खेप कशाला?” तो पुटपुटला. “उद्या पुन्हा चाळीसच असेल.”

“असेल,” सातवी म्हणाली. “तरीही येऊन बघायचं.”