गगनटोकावरचे दगडफूल

एका राज्यात पक्षी बोलत आणि माणसे त्यांचे ऐकत, त्या काळी तिथे प्रतापकेतू राजा राज्य करी. राजा मोठा शूर, पण जिभेचा भारी चोखंदळ. त्या घराण्याची रीत अशी, की नव्या राजाने गगनटोक पर्वताचा माथा गाठावा, तिथल्या कातळावरचे दगडफूल खरवडून आणावे आणि त्याच्या मसाल्याने राज्याभिषेकाची मेजवानी रांधावी. आजोबांनी चिमूटभर आणले, वडिलांनी ओंजळभर. प्रतापकेतूने पोतीच्या पोती भरली. लोक बोटे चाटत घरी गेले, आणि सकाळी राजाची पावले दगडाची झाली.

दगड रोज वर चढू लागला. गुडघे गेले, कंबर गेली. राजवैद्यांनी नाडी पाहिली, कारण तेवढीच पाहण्याजोगी उरली होती. ते म्हणाले, "त्याच माथ्यावरचे दगडफूल उगाळून छातीला लावा. दुसरा उपाय नाही."

राजकन्या मंदारिका पुढे झाली. "तात, मी जाते."

"वाट बिकट आहे, कन्ये."

"तुमच्यावाचून जगणे त्याहून बिकट आहे."

मंदारिका निघाली. पर्वताच्या अर्ध्यावर ढगांचे रान लागले. तिथली झाडे बुटकी, वाकडी, अंगभर शेवाळ ल्यालेली. एका फांदीला रिकामी झारी टांगली होती आणि तिच्याभोवती एक पाकोळी पक्षीण घिरट्या घालत होती. ती म्हणाली, "माथ्याचा धनी मेघजट मांत्रिक. तुझ्या पित्याला शाप त्याचाच. त्याची तीन कामे करशील तर माथा दिसेल. पहिले काम, ही झारी भरून आण. इथे झरा नाही, विहीर नाही."

मंदारिकेने रान पालथे घातले. घसा कोरडा पडला. शेवटी थकून ती एका झाडाला टेकली आणि पाठ ओलीचिंब झाली. ढग झाडांतून जात होते, शेवाळ त्यांना गाळून घेत होते, टोकाटोकांतून थेंब ठिबकत होते. तिने झारी खाली धरली. झारी भरली.

"खालची नदी इथूनच निघते," पाकोळी म्हणाली. "दुसरे काम, वाऱ्याची धार ओलांड."

रान संपले आणि उघडी कड लागली. वारा असा की उभ्या माणसाला उचलून दरीत टाकील. मंदारिका दोनदा पडली, दोनदा हट्टाने उठली. राजाचीच लेक ती, वाकणे कुठून ठाऊक असणार! तिसऱ्यांदा पडली तेव्हा नाकासमोर एक निळे फूल दिसले. बोटभर देठाचे, मातीला बिलगलेले, वाऱ्यात खुशाल फुललेले. मंदारिकेला हसू आले. मग तीही पोटावर पडली आणि सरपटत सरपटत माथ्यावर पोहोचली.

माथा पाहून तिचे हसू मावळले. सगळा कातळ उघडाबोडका, खरवडल्याच्या रेघांनी भरलेला. मधल्या खडकावर तळहाताएवढे एकच दगडफूल उरले होते आणि शेजारी मेघजट बसला होता. तो म्हणाला, "तिसरे काम मी सांगत नाही. हे घे, वाटले तर ने."

तिने हात पुढे केला, मग थांबली. "महाराज, हे केवढ्या काळात वाढते?"

"तुझा पणजा पाळण्यात होता, तेव्हा हे तिळाएवढे होते."

"आणि नेले तर?"

"दगडफूल कातळ मऊ करते. त्यावर शेवाळ धरते, शेवाळात माती साठते, मातीत गवत रुजते. हे गेले की मागून कोणी येत नाही. आधी माथा उघडा पडतो, मग रान, मग नदी."

मंदारिका त्या खडकापाशी बसून ढसाढसा रडली. एकीकडे बाप, एकीकडे सगळ्या राज्याचे पाणी. फार वेळाने तिने डोळे पुसले, झारीतले पाणी त्या दगडफुलावर शिंपडले आणि रिकाम्या हातांनी पर्वत उतरली. वाटभर तिला वाटत राहिले, आपण बापाला मारून चाललो.

सिंहासनावर बसलेला राजा गळ्यापर्यंत दगड झाला होता. त्याने डोळ्यांनीच विचारले.

"आणले नाही, तात." ती त्याच्या दगडी पायांपाशी बसली. "तिथे एकच उरले आहे. ते आणले असते तर तुम्ही वाचला असता आणि नदी मेली असती. मला क्षमा करा."

राजाचे ओठ मोठ्या कष्टाने हलले. "बरे केलेस, पोरी. मीच ओरबाडले, मीच भोगतो. राहू दे ते तिथेच."

एवढे शब्द उच्चारले मात्र, गळ्याला तडा गेला! खांद्यांचा दगड ढासळला, छाती मोकळी झाली, कपच्या खळाखळा सिंहासनाच्या पायऱ्यांवरून घरंगळल्या. राजवैद्य पगडी सावरत मागे पळाले. मेघजटाने न सांगितलेले तिसरे काम हेच होते, की ते दगडफूल जागीच राहू द्यावे; लेकीने ते अर्धेच केले होते. उरलेले अर्धे ज्याने ओरबाडले त्याच्याच तोंडून व्हायचे होते.

राजा उठला. पहिली दोन पावले अडखळला, तिसरे पाऊल त्याने लेकीच्या खांद्यावर हात ठेवून टाकले. नगारे वाजले, हत्तीवरून दवंडी फिरली, की आजपासून गगनटोकाच्या कातळाला कोणी नखही लावणार नाही, राजाने तर मुळीच नाही. पुढे मंदारिका गादीवर बसली. रीतीप्रमाणे ती माथ्यावर गेली, रिकाम्या हातांनी परतली आणि वेशीवर उभ्या लोकांना तिने दोन्ही तळहात उघडून दाखवले. तेव्हा जो जयजयकार झाला, तसा त्या राज्यात कोणत्याही भरल्या पोत्यासाठी कधी झाला नव्हता.