पाडसाला कळणारी हाक

मुलांनो, साग आणि बांबूच्या एका जंगलात हरणांचा एक कळप राहत असे. त्या कळपात एका हरिणीचं पाडस होतं. ते इतर पाडसांसारखं हुंदडत नसे. तासन्‌तास वारुळाशी बसून मुंग्यांची रांग बघत असे. कोणी हाक मारली तर मान वर करत नसे, आणि फार गलका झाला की कान पाडून जमिनीला चिकटून बसे. मग ढुशा मारल्या तरी उठत नसे. सगळे म्हणत, "हट्टी आहे. आईने लाडावून ठेवलंय."

लाड कसले? ती बिचारी रडकुंडीला आली होती. पण एक दिवस तिच्या लक्षात आलं की खुराने जमिनीवर हलकेच दोनदा टकटक केलं, जरा थांबून पुन्हा एकदा केलं, की पाडस आपण होऊन उठतं आणि तिच्यामागे चालू लागतं. हरिणीला इतका आनंद झाला की ती तशीच कळपाच्या म्होरक्याकडे धावली. "काका, ही खूण सगळ्यांनी शिकून घ्या ना. उद्या मी नसले तर त्याला कोण बोलावणार?"

म्होरक्याने शिंगं हलवली. "खूर आपटणं म्हणजे धोक्याची सूचना. वाडवडिलांपासून चालत आलंय हे. एका पाडसासाठी कळपाची रीत मोडायची? त्यालाच आपली हाक शिकव." हरिणीच्या सख्ख्या बहिणीनेही हसण्यावारी नेलं. "अगं ताई, मोठं झालं की येईल ताळ्यावर. तू उगाच जिवाला लावून घेतेस." त्यानंतर हरिणी कोणाला काही बोलली नाही. कळपापासून थोडं लांब राहून एकटीच टकटक करत राहिली.

उन्हाळ्यात पाणवठ्यावर बिबट्याने हरिणीला धरलं. झाडावरची वानरं ओरडली, कळप पांगला. पाडस वारुळाशी कान पाडून बसलं होतं, म्हणून वाचलं. सगळे पुन्हा जमले तेव्हा म्होरक्या म्हणाला, "इथे आता थांबायचं नाही. ऊन उतरायच्या आत नदीपलीकडे जायला हवं." मग सगळ्यांनी पाडसाला हाका मारायला सुरुवात केली. जितक्या हाका वाढल्या, तितकं ते अंग चोरून बसलं. मावशीला बहिणीची खूण आठवली, पण अर्धीच. दोनदा की तीनदा? हळू की जोरात? घाबरून तिने दाणकन खूर आपटला. त्यासरशी बिबट्या आला असं समजून अख्खा कळप नदीकडे उधळला, आणि पाडसाने मान पार मातीला टेकवली.

मावशीचं स्वतःचं पाडसही कळपाबरोबर पळालं होतं. ती क्षणभर घुटमळली आणि रडत त्याच्यामागे गेली.

सगळं शांत झाल्यावर पाडस उठलं. आई रोज जिथे उभी राहायची तिथे गेलं. आपल्या इवल्याशा खुराने त्याने दोनदा टकटक केलं, जरा थांबून पुन्हा एकदा केलं, आणि आई येण्याची वाट बघत उभं राहिलं.

तात्पर्य : वेगळ्या मुलाला समजून घेणं हे एकट्या आईचं काम नव्हे, त्याला कळणारी हाक साऱ्या गोतावळ्याने आई असतानाच शिकून घ्यावी.