चार नंबरचा हात

एकदा एका पेठेतल्या फुटबॉल संघावर मोठे संकट आले. तो संघ सारखा जिंकू लागला.

हरणाऱ्या संघाचे दुःख सर्वांना कळते, पण जिंकणाऱ्या संघाची भीती फार थोड्यांच्या वाट्याला येते. हा संघ एका जुन्या तालमीचा होता. तालमीत पूर्वी कुस्ती चाले. पुढे हौद्यातली माती उकरणारे हात कमी झाले आणि पेठेतली तरुण मंडळी चेंडूमागे गेली. तालमीचे नाव, तिचा अभिमान आणि तिचे वृद्ध वस्ताद मात्र जागचे हलले नाहीत. त्या साली मोसम निम्म्यावर आला तरी संघाने एकही सामना गमावला नव्हता. चौकाचौकात एकच वाद चाले, की हे यश कुणाचे?

कुणी म्हणे, नऊ नंबरचे, कारण गोल तोच करतो. कुणी म्हणे, गुळाच्या व्यापाऱ्याचे, कारण बूट आणि खुराक त्याचा. काहीजण प्रशिक्षकाचे नाव घेत. हा प्रशिक्षक तिशीतला, बाहेर जाऊन शिकून आलेला, पण मूळचा वस्तादांचाच शिष्य. कोण किती धावला, कुणाच्या पायाला चेंडू किती वेळा लागला, हे सारे तो वहीत टिपून ठेवी. आपल्याला इतके सगळे ठाऊक आहे याचे त्याला पूर्वी समाधान वाटत असे.

आता तो घाबरू लागला होता. पहिले तीन विजय त्याने आनंदाने घेतले. चौथ्यानंतर त्याला शंका आली, की हे जे चालले आहे त्यातले काहीतरी आपल्याला कळलेले नाही. पाचव्यानंतर त्याने सामन्याचा सदरा धुणे बंद केले. सहाव्यानंतर मैदानाकडे जाण्याची गल्ली बदलणे बंद केले. त्या गल्लीत गटाराचे काम निघाले, तेव्हा हा शिकलेला माणूस उकरलेल्या चरावरून उडी मारून गेला. सातव्या सामन्याच्या दिवशी चहा प्यायचा राहिला आणि संघ जिंकला, म्हणून त्याने चहाच सोडला. घास घशाखाली उतरेना. बायको म्हणाली, "हरला असता तर निदान जेवला तरी असता."

त्या तालमीत मोसमाच्या मध्यावर एक सत्कार होत असे. आजवरच्या यशात ज्याचा वाटा सर्वांत मोठा, त्याला प्रशिक्षकाने फेटा बांधायचा. ज्याच्या डोक्याला तो फेटा बसला, त्याला मोसम संपेपर्यंत संघातून कुणी काढायचे नाही, अशी वस्तादांच्याही आधीपासूनची रीत होती. सत्काराला दहा दिवस उरले असताना व्यापारी प्रशिक्षकाकडे आला.

"सर, फेटा नऊ नंबरला बांधा," तो म्हणाला. "पेठेला तेच पाहिजे. आणि त्या चार नंबरला आता घरी बसवा. चौतिशीचा झाला, पळताना बघवत नाही. त्याच्या जागी बाहेरून एक तगडा गडी आणतोय मी. माझं एवढं ऐका, नाहीतर पुढचं तुमचं तुम्ही बघा."

चार नंबर हा बचावाच्या मध्यभागी खेळणारा अबोल माणूस. तो पहाटे पेठेच्या पाण्याची चावी सोडायला जाई आणि दुपारी सरावाला येई. त्याला नावाने हाक मारणारे पेठेत थोडेच होते. प्रशिक्षकाने वही उघडली. चार नंबरचे रकाने जवळजवळ रिकामे होते. वही आणि व्यापारी एकच सांगत असताना आपण अडून का बसावे, असे त्याला वाटले. तरी भीती हलेना. म्हणून पुढच्या सामन्याच्या आदल्या सकाळी तो तालमीत गेला. वस्ताद पायरीवर उन्हात बसून गुडघ्याला तेल चोळत होते.

"वस्ताद, श्रेय कुणाचं एवढं सांगा. त्याला फेटा बांधून मी मोकळा होतो."

"तुला फेट्याची घाई न्हाई," वस्ताद म्हणाले. "तुला भ्या वाटतंय."

शिष्याचे डोळे भरून आले. "वाटतंय. सामना जवळ आला की हात गार पडतात. आपण कशामुळं जिंकतोय तेच मला कळत नाही, वस्ताद. जे कळत नाही ते कधी हातातून जाईल तेही कळणार नाही."

वस्तादांनी तेलाची वाटी बाजूला सारली. "उद्या बाकावर बसू नगंस. माझ्यासंगं गॅलरीत बस. सदरा धुतलेला घालून ये. आन् चेंडूकडं बघायचं न्हाई."

"चेंडूकडं नाही? मग कशाकडं बघू?"

"आपल्या पोरांच्या मानांकडं."

म्हातारपणी वस्तादांची बुद्धी जरा चळली असावी, असे शिष्याच्या मनात येऊन गेले. पण तालमीत वस्तादांचा शब्द मोडत नाहीत. त्याने उपप्रशिक्षकाला बाकावर बसवले. जाता जाता त्याने एक सूचनाही दिली, की मध्यंतरानंतर चार नंबरला बाहेर घे आणि राखीव गड्याला खेळवून बघ. व्यापाऱ्याचे म्हणणे एकदा पडताळून पाहावे, एवढाच त्याचा हेतू होता.

सामना सुरू झाला. शिष्याची नजर चेंडूकडे गेली की वस्तादांची काठी हळूच त्याच्या गुडघ्यावर बसे. मोठा विचित्र खेळ होता तो. आजूबाजूची माणसे ओरडत, उठत, कपाळाला हात लावत, आणि कशासाठी ते त्याला समजत नसे. नऊ नंबरच्या नावाचा गजर उठला, तेव्हाच त्याला कळले की त्याने गोल करून संघाला आघाडी मिळवून दिली आहे.

मग समोरच्या संघाने उजवीकडून मुसंडी मारली. गॅलरीचा श्वास अडकला. शिष्याने आपल्या खेळाडूंकडे पाहिले आणि त्याला दिसले की गोलरक्षकाची मान क्षणभर वळली, डाव्या बचावपटूची वळली, मधल्या फळीतल्या दोघांची वळली, आणि पार पुढे एकटा उभा असलेल्या नऊ नंबरचीही वळली. सगळ्या माना एकाच जागी गेल्या. त्या जागी चार नंबर उभा होता. त्याने खांद्याच्या उंचीपर्यंत हात वर केला होता, पंजा उघडा होता आणि ओठ काहीतरी म्हणत होते.

हल्ला परतला. थोड्या वेळाने दुसरा आला, मग तिसरा. प्रत्येक वेळी माना तिथेच वळल्या आणि तो हात तसाच वर आला. चेंडू त्याच्याकडे क्वचितच गेला. मान वळवलेला खेळाडू पुन्हा पुढे बघे तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची भीती गेलेली नसे, पण त्याचे थिजलेले पाय हलू लागलेले असत.

"काय म्हणतात ते, वस्ताद?"

"मी हाय, म्हणतोय. चौदा वर्सं झाली, दुसरं काय म्हणत न्हाई."

मध्यंतर झाले. संघ पुन्हा मैदानात उतरला आणि त्यात चार नंबर नव्हता. शिष्याला आपली सूचना आठवली. तो ताडकन उठला, तशी वस्तादांनी त्याचे मनगट धरले.

"बस. भाईर काढलेला गडी परत आत घेता येत न्हाई."

पहिला हल्ला आला. सवयीने सगळ्या माना त्याच जागी वळल्या. तिथे राखीव गडी उभा होता. तो ताकदीचा होता, चार नंबरपेक्षा पळायलाही चांगला, आणि तो चेंडूकडे बघत होता. वळलेल्या मानांना तिथे काही मिळाले नाही. त्या एक पळभर जास्त वळलेल्या राहिल्या आणि तेवढ्यात गोल झाला. पाच मिनिटांत दुसराही झाला. आता गोलरक्षक चेंडू सोडून इकडेतिकडे बघू लागला होता. मधल्या फळीतले दोघे एकमेकांवर ओरडत होते. समोरच्या गॅलरीतून उठणारा आवाज शिष्याच्या छातीत धडकत होता. इतकी भीती त्याला आयुष्यात वाटली नव्हती, कारण या वेळी ती कशाची आहे हे त्याला कळत होते.

बाकावर चार नंबर बसला होता. हल्ला आला की त्याचा हात आपोआप वर येई आणि कुणी बघत नाही हे लक्षात येऊन खाली जाई. अखेर त्याने तो हात स्वतःच्या मांडीखाली दाबून धरला.

शेवटच्या मिनिटाला नऊ नंबरने कुठून तरी चेंडू काढला आणि गोल केला. बरोबरी झाली, पराभव टळला. गॅलरी बेभान झाली. मैदानात गुलाल उधळला, नऊ नंबरला खांद्यावर घेतले आणि व्यापारी पुढे होऊन नाचला. सगळ्या पेठेला यशाचा धनी सापडला होता. गॅलरीत दोनच माणसे खाली बसून होती.

गर्दी पांगल्यावर वस्ताद बोलले. "जिंकल्यावर मान कुठंबी वळती. फोटोवाल्याकडं वळती, शेठकडं वळती. भ्यालेली मान तशी भटकत न्हाई, ती एकाच जागी जाती. तू श्रेय म्हंजे शाबासकी समजलास. शाबासकी कुणालाबी दे, कुणाचं काय बिघडत न्हाई. पण घर कुठल्या खांबावर उभं हाय ते कळलं न्हाई, तर मानूस साफसफाई करताना तोच खांब काढून टाकतोय. सदरा बदलायला तू भ्यालास, गल्ली बदलायला भ्यालास, च्या सोडलास. मानूस बदलायला तेवढा भ्याला न्हाईस."

शिष्याने रिकाम्या बाकाकडे पाहिले. मग त्याने विचारले, "आणि त्यांना स्वतःला भीती नसेल वाटत?"

"ते मला इचारू नगंस. त्याला इचार."

सत्काराचा दिवस आला. तालमीत पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर नऊ नंबरचा मोठा फलक लागला होता. पहिल्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून तो स्वतः बसला होता आणि त्याच्या शेजारी व्यापारी बाहेरून आणलेल्या गड्याला घेऊन बसला होता. प्रशिक्षक फेटा हातात घेऊन मंचावर उभा राहिला. वर येण्याआधी व्यापारी त्याच्या कानाशी लागला होता, "सर, नऊ नंबर. पेठ तापलीय, दुसरं नाव खपणार नाही."

त्याने ध्वनिक्षेपक हातात घेतला. चार नंबरचे नाव घेतले तर व्यापारी उठून जाईल, बूट जातील, खुराक जाईल, कदाचित आपणही जाऊ. न घ्यावे तर काय होईल, ते त्याने गॅलरीतून पाहिले होते. आधारासाठी त्याने वस्तादांकडे पाहिले. वस्ताद डोळे मिटून बसले होते.

मग त्याची मान आपोआप वळली. ती गर्दीवरून मागे गेली आणि दाराजवळच्या शेवटच्या रांगेत जाऊन थांबली. तिथे चार नंबर भिंतीला टेकून बसला होता. मंचावरचा घाबरलेला चेहरा आपल्याकडे वळलेला त्याने पाहिला, आणि चौदा वर्षांच्या सवयीने त्याचा हात खांद्याच्या उंचीपर्यंत वर आला.

प्रशिक्षक कुठे बघतो आहे म्हणून गोलरक्षक मागे वळला. त्याच्या पाठोपाठ बचावपटू वळले. नऊ नंबरने मागे पाहिले मात्र, त्याच्या चेहऱ्यावरची हौस उतरली. तो थोडा वेळ त्या हाताकडे बघत राहिला. मग तोच पहिला उठला आणि मधली वाट मोकळी करू लागला. त्यालाही आठवले असावे की मैदानात पार पुढे एकटा असताना आपली मान कुठे वळत होती. व्यापारी काही बोलायला गेला, पण त्याच्याभोवतीच्या साऱ्या लोकांची पाठ त्याच्याकडे झाली होती.

"सर्जेराव मगदूम," प्रशिक्षक म्हणाला. पेठेतल्या कित्येकांनी ते नाव प्रथमच ऐकले.

सर्जेराव मंचावर आला आणि खाली मान घालून उभा राहिला. फेट्याचे वेढे देताना प्रशिक्षकाला त्याचा तो हात अगदी जवळून दिसला. तो थरथरत होता.

"तुम्हाला भीती वाटते?" त्याने हळूच विचारले.

"वाटती की, सर. पयल्यापासनं. हात कापतोय ते लांबनं दिसत न्हाई, एवढंच."

"मग तुम्ही कुणाकडं बघता?"

सर्जेराव विचारात पडला. हे त्याला कधी कुणी विचारले नव्हते. "माझ्या मागं गोलच असतोय, सर," तो म्हणाला. "तिकडं काय बघायचं?"

प्रशिक्षकाने फेट्याचा शेव खोचला.

पुढच्या सामन्याला तो धुतलेला सदरा घालून, चहा पिऊन आला आणि बाकावर बसला. भीती होतीच. पहिल्या दहा मिनिटांतच समोरून हल्ला आला, आणि सगळ्या माना चार नंबरकडे वळल्या. त्याने हात वर केला. तेवढ्यात त्याचीही मान, चौदा वर्षांत पहिल्यांदा, कुणीतरी आहे का ते बघायला बाकाकडे वळली.

प्रशिक्षक चेंडूकडे बघत नव्हता. खांद्याच्या उंचीपर्यंत त्याचा हात आधीच वर आला होता. तो कापत होता, पण तेवढ्या अंतरावरून ते दिसण्यासारखे नव्हते.